कानामागून आली आणि नाक झाली

परवा बाजाराच्या दिवशी ओळखीचे एक काका ऑफिसात येऊन बसले. चहा झाला, पाऊसपाणी झालं, सोयाबीनचा भाव झाला, तरी उठेनात. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, नाकाच्या ऑपरेशनला कान कापतात म्हणे. खरं का?"

त्यांची लेक दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडली. जीव वाचला, पण नाकाचा मधला भाग खचला आणि एका बाजूने श्वास नीट जात नाही. सर्जननी सांगितलं, कानातला तुकडा घेऊन नाकाला आधार देऊ. आता ही बातमी गावात पोचायला किती वेळ लागतो? कोणी म्हणालं, लग्नासाठी नटवतायत. कोणी म्हणालं, हिरोईन व्हायचंय वाटतं. एका पाहुण्याने तर, "नाक तर गेलंच, आता कानही घालवून बसा," असंही ऐकवलं. पोरीने घराबाहेर पडणं बंद केलंय.

काकांना तिथल्या तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण विषय डोक्यातून जाईना. कारण या गोष्टीचं एक टोक आपल्या पुण्यात आहे आणि ते आपल्यालाच नीट माहीत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

आधी नाकाचं बघू. मराठीत नाक हा अवयव कमी आणि अब्रू जास्त. नाक कापलं, नाक खाली घातलं, नाक वर करून चालतो, नाक घासत आला. हे सगळे वाक्प्रचार हवेतून आलेले नाहीत. नाक कापणं ही जगभर खरोखरची शिक्षा होती. माणूस मारायचा नाही, पण समाजात तोंड दाखवायची सोय ठेवायची नाही. बायझंटाइन सम्राट दुसऱ्या जस्टिनियनला ६९५ मध्ये गादीवरून काढलं तेव्हा त्याचं नाक कापलं, का तर बिननाकाच्या माणसाला लोक पुन्हा राजा मानणार नाहीत. (त्याने पुढे गादी परत मिळवली, तो भाग वेगळा.) नेपाळात पृथ्वीनारायण शाहने कीर्तिपूर जिंकल्यावर तिथल्या लोकांची नाकं कापल्याची हकीकत त्या काळच्या पाद्र्याने लिहून ठेवली आहे. चोरी, बदफैली, फितुरी, कशालाही ही शिक्षा असे.

जिथे नाकं कापली जातात तिथे ती जोडणारेही तयार होतात. हिमाचलात कांगड्याला पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी घराणी होती. आणि एक माणूस पुण्याजवळ होता.

साल १७९२. इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला, टिपू दुसऱ्या बाजूला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. इंग्रजी कागदात त्याचं नाव कावसजी असं पडतं. नाव पारशी वाटतं, पण मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं स्पष्ट लिहिलंय. (कमेंटमध्ये टिपूवरून भांडण सुरू करू नका. वर लिहिलंय, ही शिक्षा सगळेच करत होते.)

कावसजी वर्षभराहून जास्त काळ बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता, असं लिहिलंय. आपल्याकडे ते काम कुंभारांचं, म्हणून त्याला कुंभार वैद्य म्हणायची पद्धत पडली. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन डोळ्यांनी बघितलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं वर्णन चित्रासह छापून आलं.

कृती वाचण्यासारखी आहे. आधी मेणाची पातळ पट्टी तुटलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. मग ती पट्टी उलगडून कपाळावर ठेवायची आणि कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला बारीक भाग तसाच जोडलेला ठेवायचा. तेवढ्या देठातून रक्त चालू राहतं. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवायची आणि तुटलेल्या नाकाच्या कडेला खाच पाडून त्यात बसवायची. टाके नाहीत. चिकटवायला काय, तर काथ! आपण पानाला लावतो तो. पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. झालं नाक.

जेम्स वेल्स या चित्रकाराने ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारी १७९४ मध्ये, कावसजीचं चित्र काढलं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा हाच वेल्स. म्हणजे ज्या कुंचल्याने पेशवा रंगवला त्याच कुंचल्याने हा बैल हाकणाराही रंगवला. डॉक्टरांची नावं आहेत, चित्रकाराचं आहे, रोग्याचंही आहे. ज्याने नाक केलं त्या कुंभाराचं नाव मात्र त्या मजकुरात नाही.

ते मासिक वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने वर्षानुवर्षं मुडद्यांवर सराव केला, १८१४ मध्ये पहिलं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये दोन ऑपरेशनांवर पुस्तक छापलं. १८१८ मध्ये जर्मनीत ग्रेफेचं पुस्तक आलं. त्याआधी युरोपात बोलोन्याच्या ताल्याकोत्सीची रीत होती. त्याचं पुस्तक १५९७ चं. तो दंडाची कातडी वापरायचा, त्यामुळे रोग्याला हात डोक्याला बांधून आठवडेच्या आठवडे राहावं लागे. ती रीत नंतर मागे पडली होती. पुण्याच्या बातमीने युरोपात नाक करण्याचं काम पुन्हा सुरू झालं.

आता व्हॉट्सअ‍ॅपकडे वळू. दरवर्षी १५ जुलैला, प्लास्टिक सर्जरी दिनाला, सुश्रुताचा फॉरवर्ड फिरतो. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहे, हे शंभर टक्के खरं. झाडाच्या पानाने माप घ्यायचं, गालाची कातडी वळवायची, नाकपुड्यांत नळ्या ठेवायच्या, वर ज्येष्ठमधासारख्या औषधांची पूड टाकायची. गंमत म्हणजे हे ज्या अध्यायात येतं तो मुळात कान टोचण्याचा आणि फाटलेली पाळी जोडण्याचा अध्याय आहे. कान आणि नाक तिथे एकाच पानावर भेटतात. पण कानाची कूर्चा काढून नाकात घालायची, हे सुश्रुताने सांगितलेलं नाही. आपल्याकडे जे होतं ते एवढं मोठं आहे की त्यात नसलेलं घुसडायची गरज नाही.

आणि इथेच मुद्दा येतो. कुंभाराच्या नाकात कमी काय होतं? सांगाडा.

नाक म्हणजे नुसती कातडी नाही. वरचा तिसरा हिस्सा हाड, खालचा सगळा कूर्चा. कूर्चा म्हणजे दाबली तर वाकते आणि सोडली की जागेवर येते ती मऊ हाडासारखी वस्तू. स्वतःच्या नाकाचा शेंडा दाबून बघा, कळेल. नुसत्या कातडीचं नाक म्हणजे बांबू नसलेला तंबू. सुरुवातीला उभा दिसतो, मग कातडी आक्रसते, नाक बसतं, नाकपुड्या बारीक होतात.

हा सांगाडा कशाचा करायचा यावर युरोप-अमेरिकेने शंभर वर्षं डोकं फोडलं. न्यूयॉर्कच्या वेअरने बदकाच्या छातीचं हाड घालून पाहिलं. कोणी हस्तिदंत घातलं. व्हिएन्नाच्या गेर्सुनीने १८९९ च्या सुमारास पॅराफिनचं, म्हणजे मेणाचं इंजेक्शन काढलं. सुई टोचली की खचलेलं नाक उभं, कापाकापी नाही. लोकांनी रांगा लावल्या. मग ते मेण सरकायला लागलं, गाठी व्हायला लागल्या, कोणाची दृष्टीही गेली. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने तरुणपणी नाकात मेण भरून घेतलं होतं. ते खाली उतरून हनुवटीपाशी जमलं आणि अख्ख्या युरोपात नावाजलेला चेहरा बिघडला. कुंभाराने मेण फक्त मापासाठी वापरलं होतं. शंभर वर्षांनी शिकलेल्यांनी तेच नाकात भरलं!

परकी वस्तू शरीर सहजी स्वीकारत नाही हे असे फटके खाऊन कळलं. मग लोक रोग्याच्याच शरीरात शोधायला लागले. १९०० च्या आसपास जर्मनीत फोन मांगोल्टने बरगडीची कूर्चा वापरली. १९०२ मध्ये फ्रिट्झ क्योनिगने कानाच्या कडेचा कातडीसकट तुकडा घेऊन तुटलेल्या नाकपुडीला जोडला. नाकपुडीची कड आणि कानाची कड, दोन्ही पातळ, वळणदार, दोन्ही बाजूंनी कातडी आणि मधे कूर्चा. शरीरात असा जोड दुसरा नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकातून डोकं वर काढलं की तोंडावर गोळा. लंडनजवळ सिडकपला १९१७ मध्ये खास चेहऱ्यांचं हॉस्पिटल उघडलं. हॅरॉल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाच हजारांहून जास्त सैनिकांवर अकरा हजारांवर ऑपरेशनं केली. कपाळाची कातडी तिथेही होतीच, पण आता तिच्याखाली कूर्चेचा आधार होता.

कानच का, हे साध्या भाषेत सांगतो, कारण काकांचा खरा प्रश्न हाच होता.

कानाच्या भोकाबाहेर वाटीसारखा खोलगट भाग आहे, तिथली कूर्चा काढतात. कानाचा आकार वरच्या घडीवर आणि बाहेरच्या कडेवर उभा असतो, त्या घड्या राखून वाटीतला तुकडा काढला तर कान होता तसाच दिसतो. कातडी जागेवरच राहते. चीर बहुतेक वेळा कानामागे घेतात, म्हणजे व्रणही दिसत नाही. कानाच्या पाळीत कूर्चा नसतेच, त्यामुळे पाळी कापण्याचा प्रश्न येत नाही. ऐकणं आतल्या पडद्याचं आणि हाडांचं काम आहे, त्याला यात धक्का लागत नाही. म्हणजे "कान कापतात" हे खोटं, "कानातला तुकडा काढतात" हे खरं.

दुसरं, कूर्चेच्या आत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी आजूबाजूच्या पाझरावर जगतात. त्यामुळे ती देठाशिवाय उचलून दुसरीकडे ठेवली तरी तगते, आणि स्वतःचीच असल्याने शरीर तिला परकी म्हणत नाही. जिथे क्योनिगसारखा कातडीसकट तुकडा लावायचा असतो तिथे मात्र कातडीला कडेने रक्त मिळावं लागतं, म्हणून तो लहानच ठेवतात, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा.

याची दुसरी बाजूही लिहितो. रक्त कमी म्हणून कूर्चेत जंतू शिरले तर ते हटत नाहीत. आपल्या बायका बुगडी घालतात ती कूर्चेतून जाते. ती जागा चिघळली तर कान आक्रसून वेडावाकडा होतो, हे जुन्या माणसांनी पाहिलेलं असेल. म्हणून ऑपरेशननंतर कानावर दाबून पट्टी असते, खाली रक्त साकळू नये म्हणून. ती घरी काढायची नाही.

आता परत पुण्याला. १९५० च्या दशकात गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडहून परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करायला लागले. कुष्ठरोगात नाकाचा मधला पडदा झिजतो, आतलं अस्तर आक्रसतं आणि नाक आत बसतं. औषधाने रोग बरा झाला तरी बसलेलं नाक लांबून ओळखू येतं. गाव घेत नाही, घर घेत नाही, काम मिळत नाही. त्या रोग्यांच्या हातांवर, चेहऱ्यांवर, नाकांवर अंतियांनी ऑपरेशनं केली. पुढे मुंबईत जे.जे.ला प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. तिकडे नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी साधारण त्याच काळात देशातला पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला.

सांगा आता, कुष्ठरोग बरा झालेल्या माणसाचं नाक उभं करणं ही गरज की नटणं? श्वासापुरतंच म्हणाल तर पुष्कळजण खचलेल्या नाकानेही जगतात. पण त्या माणसाला गावात परत नेणारं ते नाकच होतं. कावसजीचंही तेच. बिननाकाचा तो वर्षभर जिवंतच होता की.

म्हणजे फक्त दिसण्यासाठी होत नाही का? होतं, भरपूर होतं. १८९८ मध्ये बर्लिनच्या जाक योसेफने चांगल्या धडधाकट माणसाचं मोठं नाक लहान करून दिलं, कारण त्या नाकामुळे त्याला लोकांत जायला नको वाटायचं. तिथून सौंदर्याच्या नाकांचा जमाना सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं हाड आणि कूर्चा काढून टाकण्यावर भर होता. वीस-तीस वर्षांनी तीच नाकं चिमटायला लागली, श्वास कोंडायला लागला. मग अमेरिकेत जॅक शीन यांच्यासारख्या सर्जननी १९७० नंतर उलटी दिशा धरली: काढण्यापेक्षा आधार द्या. आधी नाकाच्याच पडद्याची कूर्चा घेतात. ती सरळ आणि घट्ट असते. ती मोडलेली असेल किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये संपली असेल तर कान. जास्त लागली तर बरगडी, पण ती कालांतराने वाकू शकते आणि छातीवर जखम होते. कानाची कूर्चा मऊ आणि वळणदार. शेंड्याला, नाकपुडीला उत्तम, पण लांब सरळ खांब तिचा होत नाही. पूर्व आशियात सिलिकॉनची पट्टी घालण्याची पद्धत मोठी आहे. ती कधी कधी शेंड्याची कातडी फाडून बाहेर येते, म्हणून तिथेही बरेच सर्जन शेंड्याला कानाची कूर्चाच लावतात. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हौसेखातर नाक बदलणाऱ्यावर टीका करायची तर करा, पण आधी आपल्या घरातलं स्थळ बघण्याचं बोलणं ऐका. "मुलगी छान आहे, पण नाक जरा…" हे वाक्य कोण म्हणतं? आपणच. आपणच नाक मुरडायचं आणि पोरीने ते नीट करून घेतलं की आपणच हसायचं. पूर्वी नाक सुरीने कापायचे, आता जिभेने.

आणि ऑपरेशन करायचंच असेल तर रील बघून जाऊ नका. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी., किंवा नाकाच्या कामाचा अनुभव असलेला कान-नाक-घसा सर्जन, हे विचारून घ्या. तोंडावर विचारा: कूर्चा कुठून घेणार, का, भूल कोणती, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर खर्च कोणाचा. सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं, त्यामुळे महिन्यावर लग्न असताना धावू नका. तंबाखू, मिश्री, बिडी काही दिवस आधीपासून बंद. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. सुईने नाक उभं करून देतो म्हणणाऱ्याला नीट विचारा काय टोचणार, आणि त्या डचेसची आठवण ठेवा.

काकांना मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "काका, कान शाबूत राहतो. वाटीतला तुकडा निघतो, बाहेरून कळतही नाही. आणि पाहुण्यांना सांगा, पुण्याच्या कुंभाराने सव्वादोनशे वर्षांपूर्वी काथ लावून नाक बसवलं होतं, तेव्हा त्या बैल हाकणाऱ्याला कोणी हिरो व्हायचंय का असं विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही." ते हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "भाऊ, हे तुम्ही लेकीलाच सांगता का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल." फोन तिच्याकडे गेला. तिने एकच विचारलं, "दादा, श्वास नीट येईल ना?" ते तुझे सर्जनच तपासून सांगतील, म्हटलं, पण त्यासाठीच तर करतायत.

ज्या पोरीला पहिला प्रश्न श्वासाचा पडलाय, तिच्याबद्दल गाव काय बोलतंय ते वर लिहिलंच आहे.

शेवटची विनंती. पुणे आणि आसपासच्या कुंभार समाजातल्या जुन्या घरांत अशा वैद्याची काही आठवण, काही ऐकीव गोष्ट असेल तर जरूर कळवा. लंडनच्या मासिकाने त्याचं नाव लिहून घेतलं नाही. आपल्याकडे कोणाला आठवत असेल तर ते लिहून ठेवायचं काम मी करीन.